न दिलेले पुस्तक हरवत नाही

मुलांचे निकाल लागले की घरोघरी प्रगतिपुस्तके उलगडली जातात. गणितात किती, इंग्रजीत किती, शेजारच्या मुलापेक्षा कमी का, ही चर्चा दोन दिवस सहज पुरते. त्याच सुमारास शाळेच्या कार्यालयात आणखी एक प्रगतिपुस्तक भरले जात असते. ते असते शाळेत काम करणाऱ्या माणसांचे आणि त्याला गोपनीय अहवाल म्हणतात. शिक्षकांचा अहवाल कसा असावा यावर अधूनमधून वाद झडतात, संघटना निवेदने देतात, लेख लिहिले जातात. शाळेच्या ग्रंथपालाचे काम कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न मात्र कोणाच्या गावीही नसतो. आपल्या मुलाच्या हातात पुस्तक येते की नाही, याच्याशी त्या मापाचा थेट संबंध आहे. म्हणून तो विषय आज येथे काढला आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालची नियमावली १९८१ ची. तिच्या १५ व्या नियमात गोपनीय अहवालांची तरतूद आहे. अहवाल दरवर्षी लिहावा, प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवावा आणि त्याला आपली बाजू मांडू द्यावी, असा त्याचा आशय. याच नियमात कर्मचाऱ्याच्या बाजूने एक मेख मारून ठेवलेली आहे. अहवाल लिहिलाच नाही, किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातले काम समाधानकारक होते असे मानले जाते. मुख्याध्यापकाच्या किंवा संस्थेच्या आळसाची शिक्षा कर्मचाऱ्याला होऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. वर्षभर शेकडो मुलांना पुस्तके वाटणारा ग्रंथपाल आणि वर्षभर कपाटाला कुलूप लावून बसलेला ग्रंथपाल, या दोघांनाही कोणी काही न लिहिता ‘समाधानकारक’ हाच शेरा मिळू शकतो.

आपल्याकडे शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोडतो. कारकून, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांच्या यादीत त्याचे नाव. ही सगळी कामे महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. मात्र हजेरी, वक्तशीरपणा, आज्ञाधारकता, कागदपत्रांची टापटीप या रकान्यांत कारकुनाचे काम बरेचसे मावते, ग्रंथपालाचे मावत नाही. सातवीतल्या एखाद्या मुलाला पहिले पुस्तक कोणी दिले आणि ते त्याने परत करताना दुसरे मागितले का, हे लिहायला तिथे जागा नसते. आणि हा अहवाल म्हणजे नुसता कागद नव्हे. आश्वासित प्रगतीसारख्या लाभांची वेळ आली की हेच कागद बाहेर काढून पाहिले जातात.

आमच्या जठारपेठेत माझ्या ओळखीच्या एक निवृत्त ग्रंथपालबाई राहतात. कोणत्या शाळेत होत्या ते सांगण्याचे कारण नाही. मी त्यांना विचारले, ‘‘तुमच्या कामाची तपासणी कशी होत असे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तपासणी म्हणजे मोजदाद. दाखल नोंदवही काढायची आणि कपाटातली पुस्तके मोजायची. जितकी नोंद तितकी पुस्तके असली की मी हुशार. चार कमी भरली की माझ्या पगारातून कापायची भाषा. पुस्तक हरवलं तर दहा जण विचारायला येत. वाचलं गेलं का, हे एकानंही कधी विचारलं नाही.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘माझ्या आधीच्या बाई किल्ली कमरेला लावूनच फिरत. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. नंतर कळलं, त्या बिचाऱ्या घाबरलेल्या असत.’’

या भीतीची मला ओळख आहे. माझी तीसेक वर्षे बँकेत गेली आणि त्यातली बरीचशी वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या भागातील शाखांत. एका शाखेची थकबाकी जवळजवळ शून्य होती. वरून आलेले साहेब तिच्यावर खूश होते. मी गावात एका शेतकऱ्यापाशी त्या शाखेची तारीफ केली, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, देल्लंच नाही त बुडन काय?’’ पुढे वही पाहिली. गावाच्या ठेवी भरपूर होत्या आणि कर्जवाटप नावापुरते. बँकव्यवहाराचे सगळे शहाणपण त्या एका वाक्यात होते. म्हणूनच बुडीत कर्जाचे प्रमाण वाटलेल्या कर्जाशी काढतात आणि त्याच्या जोडीला ठेवींच्या मानाने कर्ज किती दिले, हेही पाहतात. एकच आकडा पाहिला की तपासणी फसते.

ग्रंथालयाची बाब अशीच आहे. संग्रह ही ठेव, देवघेव हे कर्जवाटप आणि गहाळ पुस्तक ही बुडालेली रक्कम. प्रश्न इतकाच, की गहाळ पुस्तकांचे प्रमाण कशाशी काढायचे? कपाटात असलेल्या पुस्तकांशी की बाहेर दिलेल्या पुस्तकांशी?

या प्रश्नाची दोन सरकारी उत्तरे आपल्यासमोर आहेत. दोन्ही आपल्या खासगी अनुदानित शाळांना लागू नाहीत. पण माप कसे निवडले जाते हे समजायला ती उपयोगी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी मूल्यमापनाचा तक्ता आहे. त्यात हजेरी, कार्यशाळा, संगणकीय नोंदी यांच्या बरोबरीने गहाळ पुस्तकांचा निकष येतो. मोजदाद केली आणि गहाळ पुस्तके अर्ध्या टक्क्याहून कमी निघाली तर ‘चांगले’, एक टक्क्याहून कमी निघाली तर ‘समाधानकारक’. मोजदाद केलीच नाही, किंवा एक टक्का व त्याहून अधिक पुस्तके गहाळ निघाली, तर ‘असमाधानकारक’. दुसरे उत्तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आहे. तिथला २१५ वा नियम सांगतो, की वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी समजावे. त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा मात्र नसावा. हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी करावीच, असेही तो बजावतो.

या दोन मापांतला फरक एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका शाळेत सहा हजार पुस्तके आहेत. वर्षभरात त्यातली तीनशे वाचायला दिली गेली आणि दोन हरवली. दुसऱ्या शाळेत तीनच हजार पुस्तके आहेत, पण ती फिरत राहिली. वर्षात साडेसहा हजार वेळा दिली गेली आणि तीस हरवली. गहाळ पुस्तकांची टक्केवारी संग्रहाशी काढली तर पहिल्या शाळेचे प्रमाण नगण्य निघते. तिचा ग्रंथपाल ‘चांगला’. दुसऱ्या शाळेत ते बरोबर एक टक्का भरते. तिचा ग्रंथपाल ‘असमाधानकारक’. आता वित्तीय नियमाचे माप लावा. साडेसहा हजार देवघेवींमागे बत्तीस पुस्तकांची सूट मिळते. तीस हरवली, म्हणजे दुसरा ग्रंथपाल मर्यादेत आहे. पहिल्याला तीनशेमागे दीड पुस्तकाची सूट आणि हरवली दोन. मर्यादा ओलांडली ती त्याने! पुस्तके तीच, माणसे तीच. भाजक बदलला आणि शेरे उलटेपालटे झाले.

शाळेतला माणूस मूर्ख नसतो. आपल्याला कशावरून जोखतात हे त्याला पहिल्या वर्षातच कळते आणि तो तसा वागू लागतो. पुस्तक हरवण्यालाच शिक्षा असेल, तर सर्वांत सुरक्षित पुस्तक म्हणजे कुलपातले पुस्तक. ग्रंथालयशास्त्राचे आपल्या देशातले जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यातले पहिलेच सूत्र पुस्तकांच्या वापराविषयी आहे आणि ते समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत, त्याची आठवण दिली आहे. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, हारतुरे घालतो. साखळी मात्र पुरती सुटलेली नाही. ती आता मोजदादीच्या रकान्यात आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सोपे आहे. शाळेच्या निकालावरून सगळ्यांनाच मोजा. आमच्या अकोल्यात हे म्हणणारे पुष्कळ भेटतील. नीटच्या शिकवणीवर्गांसाठी आता या शहराचे नाव घेतले जाते आणि ‘निकाल’ हा शब्द इथल्या हवेतच आहे. हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. २००९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राज्यांसाठी निधीची एक मोठी स्पर्धा जाहीर केली आणि शिक्षकांचे मूल्यमापन मुलांच्या परीक्षेतील प्रगतीशी जोडण्याची लाट आली. मग जे परीक्षेचा विषय शिकवतच नाहीत त्यांचे काय करायचे? अनेक ठिकाणी त्यांच्या खात्यावर अख्ख्या शाळेचा निकाल मांडला गेला. ज्या गुणांवर आपला हात पोहोचत नाही, त्यांवरून माणसाला जोखणे यात न्याय कसला? २०१५ च्या नव्या शिक्षण कायद्याने तिथल्या केंद्राचा हा दबाव काढून घेतला. त्याच देशातली दुसरी गोष्ट अधिक घेण्याजोगी आहे. शार्लट डॅनियलसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९६ मध्ये शिक्षकांच्या मूल्यमापनाची चौकट तयार केली. तिच्या २००७ च्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथपाल, परिचारिका, समुपदेशक अशा शाळेतल्या इतर तज्ज्ञांसाठी वेगळ्या चौकटी दिल्या. वेगळे काम, वेगळे माप. एवढे साधे तत्त्व.

दुसरी पळवाट उत्सवांची. डॉ. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. २०२४ मध्ये राज्यात महावाचन उत्सव झाला. असे उपक्रम व्हावेत. पण त्या दिवशीची छायाचित्रे हाच कामाचा पुरावा ठरला, तर पुस्तके छायाचित्रापुरती बाहेर येतात आणि संध्याकाळी परत कपाटात जातात. नुसत्या देवघेवीच्या आकड्यालाही हाच धोका आहे. तोच एकमेव निकष केला तर वहीतल्या नोंदी फुगतील. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेत काम केलेले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात हेच दाखवून दिले होते. ज्या आकड्याला उद्दिष्ट करावे तो आकडा विश्वासाचा राहत नाही.

तेव्हा न्याय्य मापाची सुरुवात आकड्यापासून न करता, ग्रंथपालाच्या हाती काय दिले होते, यापासून करावी लागेल. आपल्याकडे ग्रंथपाल पूर्णवेळ मिळणार की अर्धवेळ, हे शाळेच्या पटावर ठरते. पट घसरला की जागा डळमळते. ग्रंथपाल निवृत्त झाला की कित्येक शाळांत ती खुर्ची रिकामीच राहते आणि किल्ली एखाद्या शिक्षकाकडे जाते. जो आहे तो तरी ग्रंथालयात असतो का? शिक्षक गैरहजर असले की ऑफ तासाला वर्गावर ग्रंथपाल, पाठ्यपुस्तकांच्या वाटपाला ग्रंथपाल, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि संगणकावर माहिती भरायला ग्रंथपाल, परीक्षेला पर्यवेक्षक ग्रंथपाल. पुस्तकांची खरेदी कोणती आणि कितीची, हे बहुधा संस्था ठरवते. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही हवीत, असे स्वच्छ लिहिले आहे. ग्रंथालय हवे म्हटले. ते चालवणारा माणूस हवाच, असे त्या ओळीत म्हटले नाही.

येथेही बँकेचा एक दाखला देतो. इतर कर्जांचा हप्ता ९० दिवस थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरते. पीककर्जाला मात्र रिझर्व्ह बँकेने २००४ पासून वेगळे माप लावले. अल्प मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन पीकहंगाम थकले तरच ते अनुत्पादक. शेतीचे पैसे हंगामाच्या चक्राने येतात, ९० दिवसांच्या चक्राने येत नाहीत, हे कागदावर मान्य करण्यात आले. कोरडवाहू शेतकऱ्याला जो न्याय मिळू शकतो तो ग्रंथपालाला का मिळू नये? वाचनाचे पीकही तीन महिन्यांत येत नाही.

मग अहवालात असावे तरी काय? मला सुचते ते असे. पहिल्या पानावर मुख्याध्यापकाने आपल्या सहीने लिहावे, की पट किती, संग्रह किती, वर्षभरात नवी पुस्तके किती रुपयांची घेतली, स्वतंत्र खोली आहे का आणि ग्रंथपालाला किती तास इतर कामांना जुंपले. हे पान कोरे असेल तर पुढचे पान लिहिण्याचा अधिकार नाही. दुसऱ्या पानावर देवघेव यावी. पण एकूण आकड्याच्या आधी, पटावरच्या किती मुलांनी वर्षात निदान एक पुस्तक घरी नेले, हे यावे. वीस हुशार मुलांनी शंभर-शंभर पुस्तके नेली तर आकडा दोन हजार होतो आणि बाकीची शाळा कोरडीच राहते. ही तुलना शेजारच्या शाळेशी नको, याच शाळेच्या गेल्या दोन वर्षांशी हवी. तिसरा निकष गहाळ पुस्तकांचा. तो राहू द्या, पण त्याचा भाजक देवघेव असू द्या, आणि वाजवी मर्यादेतल्या पुस्तकांसाठी पगाराला हात लागणार नाही हे लेखी असू द्या. जो ग्रंथपाल पुस्तके घरी नेतो, विकतो किंवा नोंदच ठेवत नाही, त्याला या सवलतीचा आडोसा मिळता कामा नये.

चौथी गोष्ट आकड्यांत बसत नाही. ग्रंथालयाचे काम जाणणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा, न कळवता, तासभर तिथे येऊन बसावे. मुले आत कशी येतात, त्यांना कपाटाशी जाऊ देतात का, चार मुलांना ‘शेवटचे कोणते पुस्तक वाचले?’ असे विचारले तर काय उत्तर येते, ते पाहावे आणि साध्या भाषेत लिहावे. असा माणूस आणायचा कोठून? प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. तो सार्वजनिक ग्रंथालयांची तपासणी करतो आणि अ, ब, क, ड अशा वर्गांची ग्रंथालये त्याच्या रोजच्या ओळखीची असतात. त्याचे खाते उच्च व तंत्रशिक्षणाचे आणि शाळा शालेय शिक्षणाच्या, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. दोन खात्यांमधली ही भिंत ओलांडायला फार खर्च येणार नाही. शिवाय आपल्या भागात निवृत्त ग्रंथपाल आहेत. त्यांनाही बोलावता येईल.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्याचा अहवाल, त्याला तो दाखवावा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात यावर निकाल दिला. सीमा रस्ते विभागातल्या या अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. चांगला हा शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता आणि त्याच शेऱ्याने त्यांची वाट अडवली. न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक सेवेतल्या माणसाला त्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, मग ती चांगली असो वा वाईट. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. यामागचा विचार अनुदानित शाळेच्या ग्रंथालयातही तितकाच खरा आहे. ग्रंथपालाने आपल्या वर्षाची हकिगत एका पानात लिहावी, मुख्याध्यापकाने तिच्याखाली आपले मत लिहावे, आणि दोघांनी समोरासमोर बसून त्यावर सह्या कराव्यात. गोपनीयता चोरांच्या चौकशीत असावी. पुस्तके वाटणाऱ्याच्या कामात लपवण्यासारखे काय आहे?

हे सारे एका साध्या कर्मचाऱ्यासाठी फारच झाले, असे काहींना वाटेल. पण ज्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळांची दारे उघडली, त्या वऱ्हाडात आपण बोलत आहोत. जठारपेठेतल्या किंवा रामदासपेठेतल्या सुखवस्तू घरात पुस्तकांचे एखादे कपाट असते. नसले तरी बाजारातून आणता येते. बसने खेड्यातून येणाऱ्या मुलीच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद म्हणजे बहुधा पंचांग आणि खताच्या पिशवीवरचा मजकूर. तिच्यासाठी शाळेचे कपाट हेच एकमेव कपाट. ते उघडायचे की नाही, हे ज्या माणसाच्या हातात आहे, त्याला आपण उघडण्याबद्दल शाबासकी देतो की दंड, यावर त्या मुलीचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

नियम बदलायचे ते सरकार बदलेल तेव्हा बदलेल. मुख्याध्यापकाला वरचे पहिले पान लिहायला मात्र कोणाच्या आदेशाची गरज नाही, आणि पालकांना प्रश्न विचारायलाही नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्या पालकसभेत गणवेश, फी, बस यांचे बोलून झाले, की मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षी आपल्या शाळेतल्या किती मुलांनी ग्रंथालयाचे पुस्तक घरी नेले? आणि हा आकडा ग्रंथपालांच्या अहवालात कोणत्या रकान्यात लिहिला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कमी आले तर ग्रंथपालांवर लगेच रागावू नका. दुसऱ्याचे उत्तर ऐकून घ्या. पहिल्याचे कारण बहुधा त्यातच सापडेल.